पर्यटनालाही जनरल डबा हवा

‘तुरी निघाल्या की जाऊ.’ वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात हिवाळी सहलीचा बेत बहुतेक वेळा याच वाक्यावर येऊन थांबतो. तुरी कधी निघतील ते शेंगांच्या हाती आणि हरभऱ्याचं पाणी कधी उरकेल ते महावितरणच्या हाती. कृषिपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. मळणीयंत्र शेजाऱ्याच्या वावरातून मोकळं होऊन आपल्या खळ्यात आलं आणि माल घरात पडला, की मध्येच दोन-चार दिवस फुरसत सापडते. मग गाडीत सतरंज्या, ताडपत्री, गॅसची शेगडी, ठेच्याची बरणी आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी चढतात. गावात पारा दहा-बारा अंशांवर आलेला असतो. कोकणात समुद्रकाठच्या रात्री त्यामानाने उबदार असतात.

निघण्याआधी तिथल्या एखाद्या लॉजला फोन केला, तर उत्तर ठरलेलं: ‘फुल्ल आहे. दोन महिन्यांपूर्वीच बुकिंग झालंय.’

नाताळच्या आठवड्यात हे होणारच, असं म्हणून विषय सोडून देता येईल. पण आगाऊ आरक्षण जमतं कुणाला? ज्याची रजा आगाऊ मंजूर होते त्याला. शेतकरी, हमाल, मिस्त्री, किराणा दुकानदार यांना सुटी मिळते ती आदल्या दिवशी. रेल्वेला हे कळलेलं आहे, म्हणून आरक्षित डब्यांना जनरल डबा जोडलेला असतो. एसटीला कळलेलं आहे. रिकामी जागा दिसली की बसायचं. पर्यटनाच्या गाडीला मात्र हा डबाच नाही.

रस्ता आता अडचण राहिलेला नाही. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 पासून 701 किलोमीटरचा अख्खा मार्ग ठाण्याजवळच्या आमणेपर्यंत सुरू आहे. मालेगाव तालुक्यातून जाणाऱ्या या रस्त्याला सकाळी लागलेली गाडी अंधार पडायच्या सुमारास अलिबागच्या बाजूला पोहोचू शकते. पोहोचल्यावर पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न तेवढा शिल्लक आहे.

न कळवता येणाऱ्याची सोय करणं या मुलखाला नवं नाही. हिवाळ्यात विदर्भाच्या मोकळ्या शिवारांत काठेवाडी मेंढपाळांचे डेरे पडतात. उंटावर उलटी बाज बांधलेली असते, तिच्यात भांडी, गोधड्या आणि एखादं कोकरू. शेतकऱ्याशी बोलणं होतं, मेंढरं रात्री वावरात बसतात, जमिनीला लेंडीखत मिळतं आणि डेऱ्याला जागा. शेगावात गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासांची रीतही येईल त्याला क्रमाने खोली देण्याची.

सरकारलाही हे जमतं. उच्च न्यायालयाने चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्यांवर निर्बंध आणल्यानंतर पंढरपुरात 65 एकर जागा वारकऱ्यांसाठी तयार झाली. तिथे आखलेले प्लॉट, पाणी, वीज आणि शौचालयं आहेत. आषाढीला जे होतं ते ऐन थंडीच्या तोंडावर येणाऱ्या कार्तिकीलाही होतं: दिंडी येते, जागा घेते, राहुटी ठोकते. भाविकांसाठी शासनाला जे सुचलं, ते सहलीला निघालेल्या कुटुंबासाठी का सुचू नये?

अमेरिकेतलं उदाहरण तर थेट उबेच्या शोधातल्या लोकांचं आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचं छोटं गाव आहे. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेले लोक, त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा, हिवाळ्यात आपली फिरती घरं घेऊन तिथल्या सरकारी जमिनीवर उतरतात. हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. वर्षानुवर्षं पूर्ण हंगामाच्या परवान्याला 180 डॉलर पडत आले आहेत. विशिष्ट जागा राखून ठेवण्याची पद्धत नाही. मोकळी दिसली तिथे गाडी लावायची.

अशी मोकळी जागा कोकणात करायची, तर तिथल्या गावकऱ्याचं म्हणणं ऐकायलाच हवं. सुरूच्या बनात टाकलेल्या पत्रावळी आणि फुटक्या बाटल्या त्यालाच उचलाव्या लागतात. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात तीही हिवाळ्यातच, आणि तिथे शेकोटी किंवा मोठे दिवे घातकच. म्हणूनच जागा वाळूवर नको. किनाऱ्यापासून हटून, ग्रामपंचायतीच्या मैदानावर असावी. नळ, बायकांसाठी स्वच्छ शौचालय, रात्रभर दिवा आणि राखणदार, एवढं पुरे. गाडीमागे रोख शुल्क घ्यावं आणि ते गावाकडेच राहावं. आज याच गाड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात आणि गावाला मिळतो फक्त कचरा.

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पलंग, स्वयंपाकघर असलेल्या गाड्यांचा त्यात विचार झाला. मालेगावच्या टेम्पोत पलंग नाही, ताडपत्री आहे. यंदाही तुरी निघाल्यावर तो समृद्धीवर चढेल, आणि जागा मिळाली नाही तर रात्री कुठल्याशा पेट्रोल पंपाच्या कडेला थांबेल. पोरं आत झोपतील, बायका अंधारात आडोसा शोधतील आणि पंपावरचा माणूस येऊन विचारेल, ‘किती वाजता हलवणार?’