जाहीर नोटीस : पण कोणाला जाहीर?



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रावर शिरपूर तालुक्यातली एक बाई आली. सासर चोपडा तालुक्यात. चार वर्षांपूर्वी नवऱ्यानेच तिला दोन मुलांसह मोटारसायकलवरून माहेरी आणून सोडलं होतं. मुलं मोठी होत चालली, भावाच्या घरात कुरबुरी वाढल्या, म्हणून तिने पोटगीचा अर्ज केला. पहिल्याच तारखेला नवऱ्याच्या वकिलाने कोर्टापुढे एक कागद ठेवला. तो घटस्फोटाचा हुकूमनामा होता. दोन वर्षांपूर्वीचा, एकतर्फी. बाई दोन वर्षं घटस्फोटित होती आणि गळ्यात मंगळसूत्र घालून कापूस वेचायला जात होती.

आम्ही नकला काढल्या. दाव्यात नवऱ्याने तिचा पत्ता सासरचाच दिला होता. बेलिफ गेला, 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परतला. मग कोर्टाच्या परवानगीने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली गेली. ती ज्या आवृत्तीत छापून आली, ती तिच्या माहेरच्या गावात येत नाही. आली असती तरी काय झालं असतं, हा प्रश्न आहेच. त्या घरात वर्तमानपत्र येतं ते किराण्याच्या पुडीला. मी तिला विचारलं, "तुला खरंच कुणाकडून काही कळलं नव्हतं?" ती म्हणाली, "ताई, माले कोनी सांगंच नही."

कायद्याच्या भाषेत मात्र तिला 'सांगितलं' गेलं होतं. जाहीर झालं म्हणजे सर्वांना कळलं, असं कायदा धरून चालतो. हे धरून चालणं बायकांना किती महागात पडतं, त्याबद्दल या वेळी लिहायचं ठरवलं आहे. विषय रुक्ष आहे हे मान्य. नोटिसा, अधिसूचना, नेमणुका, राजपत्र हे शब्द बैठकीत काढले की निम्म्या जणी जांभया देतात. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात मीही देत होते.

आधी त्या बाईच्या बाबतीत काय करता आलं ते सांगते, कारण ते सगळ्या केंद्रांना उपयोगी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ५, नियम २० असा आहे की नोटीस वर्तमानपत्रातून द्यायची तर ती व्यक्ती शेवटी खरोखर आणि स्वेच्छेने जिथे राहत होती, व्यवसाय करत होती वा नोकरीला होती, त्या भागात खपणाऱ्या दैनिकातूनच दिली पाहिजे. नवऱ्याने स्वतः माहेरी नेऊन सोडलेल्या बाईचा पत्ता सासरचा देणं, हे कोर्टाची दिशाभूल करणंच आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करता येतो. त्याची मुदत फक्त ३० दिवसांची. पण समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल, तर हे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून नव्हे, बाईला तो कळला त्या दिवसापासून मोजायचे. आणि मुदतीच्या कायद्यात, १९६३ च्या, अनुच्छेद १२३ च्या स्पष्टीकरणात साफ लिहिलं आहे की नियम २० खालची पर्यायी बजावणी ही या कामापुरती रीतसर बजावणी धरायची नाही. म्हणजे पेपरातल्या नोटिशीने तिची मुदत संपत नाही. आम्ही दिवस मोजले. एकोणीस झाले होते. बाविसाव्या दिवशी अर्ज दाखल केला. घटस्फोट कायम राहिला तरी पुन्हा लग्न न केलेल्या बाईचा पोटगीचा हक्क त्यामुळे जात नाही, हेही तिला समजावलं. तेव्हा कुठे तिने आणलेला डबा उघडला.

ती आणखी अकरा दिवस उशिरा आली असती तर? 'कोर्टाचं काम आहे, सुगी झाल्यावर बघू' असं भावाने म्हटलं होतंच.

जमिनीच्या बाबतीत हाच खेळ चावडीवर चालतो. बाप वारला की वारसांची नोंद होते, फेरफार पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने (२०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) त्या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. हरकतीला साधारण पंधरा दिवस मिळतात. नियम चांगला आहे. पण हितसंबंध कोणाचा, हे ठरतं अर्जातल्या यादीवरून. अर्ज करतो भाऊ, आणि यादीत बहिणीचं नावच नसतं. जिचं नाव कागदावर नाही तिला नोटीस जाणार कशी? आपल्या खानदेशातल्या कितीतरी मुली लग्न होऊन सुरतेला गेल्या आहेत. उधना-लिंबायतच्या खोलीत बसलेल्या मुलीला अमळनेर तालुक्यातल्या चावडीवरचा कागद दिसत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच सहदायादाचा हक्क दिला, ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो आणखी स्पष्ट केला, आणि तरीही पंधरा दिवसांच्या एका कागदाने तिचं नाव सात-बाऱ्याबाहेर राहतं. अशी नोंद झाली म्हणून हक्क बुडत नाही, प्रांताकडे अपील करता येतं, दिवाणी दावा करता येतो. पण मग वर्षं जातात, आणि भावाशी बोलणंही जातं.

आता राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्र दर गुरुवारी निघतं, शिवाय असाधारण अंक लागतील तसे. आपल्यापैकी बहुतेकींचा त्याच्याशी संबंध येतो तो नाव बदलण्यापुरता, भाग दोनमधल्या जाहिरातींपुरता. लग्नानंतर सासरचं नाव लावायला बाई तिथे जाते, घटस्फोटानंतर माहेरचं परत घ्यायला पुन्हा जाते. नवऱ्याला आयुष्यात एकदाही जावं लागत नाही. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, त्याचं स्वागत, आईचं नाव मधे आलं, आडनाव बापाचंच राहिलं, हीही नोंद करून ठेवू.)

खरं तर राजपत्राची, सरकारी आदेशांची ताकद नेमणुकांमध्ये आहे. कायदा विधिमंडळात होतो, पण तो बाईच्या दारापर्यंत येतो तो कोणाची तरी नेमणूक झाल्यावर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आहे. कलम ८ प्रमाणे सरकारने अधिसूचना काढून तो नेमायचा, शक्यतो स्त्री असावी. अधिसूचना निघाली नाही तर कायदा आहे आणि नाहीही. निघाली आणि आधीच दहा कामं असलेल्या माणसाच्या गळ्यात हे अकरावं घातलं, तर बाई दारात उभी आणि साहेब निवडणुकीच्या कामावर. बाल कल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री असावी असा नियम आहे. किमान एक! आपल्याकडे 'किमान'चा अर्थ 'एवढंच पुरे' असा होतो.

सर्वांत दुर्लक्षित आहे ती स्थानिक समिती. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात, जिथे दहापेक्षा कमी लोक काम करतात, किंवा तक्रारच मालकाविरुद्ध आहे, तिथल्या बाईने जायचं ते जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. म्हणजे कोण? जळगावच्या डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात रोजंदारीवर असलेली बाई, जिनिंगमधली बाई, रावेर-यावलकडे केळीच्या घडांची वाहतूक करणारी, धुळ्यात चार घरची धुणीभांडी करणारी. आपल्या भागातल्या कष्टकरी बायकांसाठी कायद्यातलं हे एकच दार आहे. समितीची अध्यक्ष सामाजिक क्षेत्रातली मान्यवर स्त्री, एक सदस्य तालुक्यात वा शहरात काम करणाऱ्या बायकांमधून, दोन स्वयंसेवी संघटनांमधून, आणि नामनिर्देशितांपैकी किमान एक स्त्री अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग वा अल्पसंख्याक समाजातली, असं कलम ७ सांगतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. तालुक्या-तालुक्यात तक्रार घेऊन पुढे पाठवणारा समन्वय अधिकारीही हवा. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत. म्हणजे दार कुठे आहे हे शोधण्यात तीन महिने गेले की संपलं.

आमच्या भागातल्या एका सरकारी कार्यालयात मी आणि आमची एक कार्यकर्ती ही समिती शोधत गेलो. पहिल्या टेबलावर विचारलं गेलं, "कोणती समिती, दारूबंदीची का?" दुसऱ्या टेबलावरच्या भाऊंनी फाइल काढली. आदेश होता, नावं होती, शिक्का होता. मुदत संपून सात महिने झाले होते. एका सदस्याची नंतर दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती. फलक लावला होता का? लावला होता, पण तो रेकॉर्ड रूमच्या दारावर. रेकॉर्ड रूमला कुलूप. भाऊंचा दोष नव्हता, त्यांनी चहा पाजला. ते म्हणाले, "मॅडम, हे विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." हे ऐकून मला त्यांच्यापेक्षा आपली लाज जास्त वाटली. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ ला सगळ्या राज्यांना तारखा घालून दिल्या होत्या : ३१ डिसेंबरपर्यंत जिल्हा अधिकारी, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या. कायदा झाल्यावर अकरा वर्षांनी कोर्टाला हे सांगावं लागलं. आणि या अकरा वर्षांत आपण किती मोर्चांत ही मागणी घेतली?

वरच्या पातळीवरही तीच गत. राज्य महिला आयोग १९९३ साली झाला, त्यामागे आपल्याच चळवळीचा रेटा होता. २००९ नंतर त्याचं अध्यक्षपद काही वर्षं रिकामं राहिलं. २०१३ मध्ये सुशीबेन शहा यांची नेमणूक झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये विजया रहाटकर यांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये रूपाली चाकणकर आल्या. मधले वीस महिने कोणते होते ते आठवा. टाळेबंदी होती, बायका मारणाऱ्या नवऱ्यासोबत घरात कोंडलेल्या होत्या आणि खुर्ची रिकामी होती. सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती, म्हणून कोणा एका पक्षाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

दूरचं एक उदाहरण देते. केनियात आपल्यासारखंच इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं राजपत्र आहे, ते दर शुक्रवारी निघतं. तिथे २०१० च्या राज्यघटनेने ठरवलं की निवडून आलेल्या वा नेमलेल्या कोणत्याही सार्वजनिक मंडळात एकाच लिंगाच्या व्यक्ती दोन-तृतीयांशापेक्षा जास्त नसाव्यात. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी सरन्यायाधीश, महान्यायवादी, सरकारी अभियोग संचालक आणि अर्थसंकल्प नियंत्रक या चार पदांसाठी चार नावं सुचवली. चारही पुरुष. महिला संघटना कोर्टात गेल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ही प्रक्रिया घटनाविरोधी ठरवली आणि नावं मागे घ्यावी लागली. तिथल्या बायकांची स्थिती आपल्याहून फार बरी आहे असं नाही, तो दोन-तृतीयांशाचा नियम त्यांच्या संसदेतही नीट पाळला गेलेला नाही. पण नेमणुकीची यादी आली की ती वाचायची, त्यात बायका मोजायच्या आणि कमी भरल्या तर भांडायचं, हे त्यांनी केलं.

मिळालेलं पद काढून घेण्यासाठीही कागदच वापरला जातो. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं पाहिजे. २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. सासूसोबत सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली. आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो आणि ते घर राहण्याजोगंही उरलेलं नाही, असं त्या सांगत होत्या. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी कायम केलं, उच्च न्यायालयात अर्ज टिकला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सारं रद्द करून त्यांना मुदत संपेपर्यंत सरपंचपदी ठेवलं. बाई सरपंच झाली आणि निर्णय घेऊ लागली हेच गावाला पचलेलं नाही, या अर्थाचे शब्द न्यायालयाने वापरले. एका खेड्यातल्या बाईला हे मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. ज्या जाऊ शकल्या नाहीत, त्यांची नावं आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहेत.

आमच्या गटाने गेल्या बैठकीत काही कामं वाटून घेतली. एक जण दर आठवड्याला पंचायत समितीचा आणि तहसीलचा फलक बघते. एक जण चावडीवरचे फेरफार बघते, आणि वारसांच्या नोंदीत बहिणीचं नाव नाही असं दिसलं तर बहिणीला फोन करते. यावरून दोन घरांत आम्हांला शिव्याही खाव्या लागल्या. स्थानिक समितीबद्दल दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे : आदेशाची प्रत, सदस्यांची नावं, मुदत कधी संपते, तालुक्याचे समन्वय अधिकारी कोण, मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल. हाच अर्ज धुळे आणि जळगावच्या प्रत्येक तालुक्यातल्या गटाने करावा. धडगाव-अक्कलकुव्याच्या मैत्रिणींनी तो नंदुरबारला करायचा. १ जुलै १९९८ च्या विभाजनानंतर त्यांची समितीही वेगळी. आणि जिथे मुदत संपली आहे तिथे नुसती तक्रार न करता सदस्यपदासाठी आपली नावं लेखी सुचवावीत. मोलकरणींमधून, जिनिंगच्या बायकांमधून, पावरा-भिल्ल मैत्रिणींमधून.

आलेली उत्तरं पुढच्या अंकाआधी महिनाभर आमच्याकडे पोचवा, तालुकावार यादी छापू. उत्तर आलं नसेल तर अर्जाची तारीख तेवढी कळवा, तीही छापू. शिरपूरच्या त्या बाईच्या अर्जावर पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. या वेळी नोटीस नवऱ्याला गेली आहे, त्याच्या खऱ्या पत्त्यावर.