तीन याद्या, एक नांव

एकत्र कुटुंबांत मंगलकार्य निघालें म्हणजे आमंत्रणाच्या याद्या निरनिराळ्या हातांनीं तयार होतात. थोरल्यांची एक, धाकट्यांची दुसरी, माहेरवाशिणींची तिसरी. तिन्ही याद्यांत कोण आहे हें पाहणारा मनुष्य प्रथम दोन याद्या समोर ठेवितो, दोहोंतील सामायिक नांवें निराळीं लिहितो, आणि मग तीं तिसरीशीं ताडून पाहतो.

संख्याशास्त्राकरितां संगणकावर वापरली जाणारी ‘आर’ नांवाची भाषा नेमकें हेंच करिते. न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं ती रचिली व १९९३ सालीं प्रथम लोकांपुढें आणिली. तींतील ‘इंटरसेक्ट’ ही क्रिया एका वेळीं दोनच याद्यांतील सामायिक नांवें काढिते; ‘रिड्यूस’ ही दुसरी क्रिया तीच कृति एकामागून एक पुढील यादीवर चालविते. मग याद्या तीन असोत कीं तीस. त्यांचा क्रम बदलला तरी निघणारीं नांवें तींच.

परंतु यंत्र अक्षरें ताडतें, अर्थ नव्हे. आमचेंच गांव घ्या. कोणी वाशिम लिहितो, कोणी वाशीम. इंग्रजी अमदानींतील कागदांत तें बासिम आहे. तीन कोष्टकांत हीं तीन रूपें असलीं तर यंत्राच्या मतें सामायिक कांहींच नाहीं! मंगरूळपीर कोणी मंगरूळनाथ लिहितो. वाशिम जिल्हा १९९८ सालीं निराळा झाला. त्यापूर्वींच्या कोष्टकांत हीं गांवें अकोला जिल्ह्यांत सांपडतील. उलट, एकाच नांवाचीं दोन गांवें असलीं तर यंत्र तीं एकच मानितें. म्हणूनच २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक गांवास स्वतंत्र सांकेतिक अंक दिला आहे. ताडावयाचें तें अशा अंकावरून, नांवावरून नव्हे.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाहीं. २०१७ सालच्या कर्जमाफीच्या वेळीं शेतकऱ्यांचे अर्ज व बँकांचीं कोष्टकें एकमेकांशीं ताडून पाहण्यांत आलीं. असल्या कामांत एका वेलांटीच्या फरकानें नांव गळलें तर त्या नांवामागें एक कुटुंब असतें. म्हणून संगणकावर काम करणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, सामायिक नांवें काढणें हें अर्धेंच काम होय. गळलेलीं नांवें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें हें उरलेलें अर्धें. आमंत्रण चुकलेला पाहुणा रुसतो व त्याची समजूत घालतां येते. कोष्टकांतून गळलेल्या माणसास मात्र आपण कां गळलों हेंही कळत नाहीं.