फुंकणीची परीक्षा

परवा आत्याला वडखळहून पनवेलला नेलं, फुफ्फुसांच्या तपासणीला. स्पायरोमेट्री म्हणतात तिला. अर्धं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं, आता नाक्यावरची धूळ. धाप लागते तिला. निघताना आत्या पोटभर जेवली, सवयीने पंपही ओढला. (नको म्हणून आधी कुणी सांगितलंच नव्हतं!)

तिथे नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि "फुंका, फुंका, अजून फुंका!" आत्याला वाटलं, ती पोरगी रागावलीय. चक्कर आली, खोकला आला. बाहेर येऊन म्हणते, "नापास झाले रे मी."

अहो, यात पास-नापास नसतं! छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात, साधारण 6 सेकंद तरी, सगळा बाहेर सोडायचा. असे निदान 3 चांगले प्रयत्न लागतात, म्हणून ती ओरडत होती. मग पंप देऊन 15 मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पंपाने किती फरक पडतो तेच तर बघायचं असतं, आणि आत्या तो घेऊनच आलेली! कुठला पंप किती तास आधी थांबवायचा, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहायला काय हरकत होती? दोन ओळींचं काम.

असो. पुढच्या मंगळवारी पुन्हा पनवेल. आत्याने सरावाला माळ्यावरची फुंकणी काढलीय.