पाटीवर नसलेल्या बायका

मैत्रिणींनो, युद्धाची कविता म्हटलं की आपल्याला आधी पोवाडा आठवतो. डफ, तुणतुणं आणि शाहिराचा चढा आवाज. तो पुरुषांचा फड. मग त्याच लढायांच्या दिवसांत घरात राहिलेल्या बायका काय गप्प होत्या? मला नाही तसं वाटत. पहाटे नाचणी दळायला त्या जात्यावर बसत, आणि खुंटा हातात आला की ओवी येई.

पुणे, सातारा, कोकणातल्या काही गावांत संगमरवरी पाटी दिसते : १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावचे इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढत होत्या. दुसऱ्या महायुद्धातले नाईक यशवंत घाडगे तर मुळशीतून ताम्हिणी घाट उतरला की लागणाऱ्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला ते इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाटीवर आकडे आहेत, पदकावर नाव आहे. ज्यांनी मागे शेत ओढलं, सासू सांभाळली, पत्राची वाट पाहिली त्या कुठे आहेत?

त्या शोधायच्या तर ओव्यांतच शोधाव्या लागतील. आपलं नशीब असं, की त्या कुणीतरी लिहून ठेवल्या. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ या दोघांनी मुळशीच्या डोंगरी गावांतल्या बायकांबरोबर हे काम सुरू केलं आणि पुढे ते महाराष्ट्रभर पसरलं. लाखाहून अधिक ओव्या जमल्या! पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून ‘पारी’ने हा ठेवा सगळ्यांसाठी खुला केला. मोबाईलवरसुद्धा ऐकता येतो.

ऐकताना एक मात्र ध्यानात ठेवायचं. बाई ‘युद्ध’ असं म्हणत नाही. ती भाऊ म्हणते, लेक म्हणते, परमुलूख म्हणते. सीतेचा वनवास गाते, तेव्हा तो फक्त रामायणातला असतो असं मला वाटत नाही. नवऱ्याविना एकटीने दिवस काढणं तिला पोथीतून शिकावं लागलं नव्हतं. म्हणून ‘युद्धकविता’ असा वेगळा कप्पा उघडला तर तो रिकामाच दिसेल, आणि आपण म्हणू, बायकांनी काही लिहिलंच नाही. (लिहिलं नव्हतंच म्हणा, बहुतेकींना अक्षरओळख कुठे होती!)

शिवाय मुळशीने तर दारातच लढाई पाहिली. टाटांच्या धरणासाठी गावं बुडणार म्हणून १९२१ ला सत्याग्रह उभा राहिला, १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी इथलीच. बायाही त्यात उतरल्या होत्या. शाळेत आपण सेनापती शिकतो, तेही ओझरतंच.

शाळेच्या पुस्तकात या ओव्या ‘लोकगीत’ म्हणून शेवटी एखाद्या पानावर येतात. माझं म्हणणं, त्यांना कविता म्हणा आणि कवितेच्या पानावर छापा. कवयित्रीचं नाव सापडणार नाही, कारण ओवी एकीची दुसरीला जाता जाता बदलत गेली. तिथे गावाचं नाव घाला. आता गिरणी आली, जाती उंबऱ्याबाहेर पडली. पण ज्यांना ओव्या पाठ आहेत अशा आज्या अजून आहेत. या उन्हाळ्यात माहेरी जाल तेव्हा मोबाईल त्यांच्यापुढे धरा, आणि आधी विचारा, घरातलं कोण पलटणीत होतं?