घरचं नाव वेगळं, दारचं नाव वेगळं

आजचा विषय तांत्रिक आहे, पण दुखणं स्वतःचं आहे.

मागे एका शुक्रवारी संध्याकाळी मी क्लायंटला छातीठोकपणे सांगितलं, "पेमेंटचं पान दुरुस्त झालंय." माझ्या ब्राउझरमध्ये सगळं झकास चाललं होतं. बॅग उचलली आणि घरी. शनिवारी सकाळी बोलणी खाल्ली ती ड्यूटीवरच्या माझ्या सहकाऱ्याने, कारण बाहेरच्या जगात ते पान मोडलेलंच होतं. झालं असं, की टेस्टिंगसाठी मी होस्ट्स फाइलमध्ये साइटचं खरं सबडोमेन १२७.०.०.१ ला बांधलं होतं आणि ती ओळ काढायला विसरलो. सर्टिफिकेटही घरीच बनवलेलं, त्यामुळे कुठे कुरकुर नाही. ब्राउझर इमानेइतबारे माझंच मशीन मला दाखवत होता!

यावर टीममध्ये मत पडलं, की सबडोमेनची झंझट हवी कशाला? सगळं लोकलहोस्टवर वेगवेगळ्या पोर्टवर चालवा. मला हे अजिबात पटत नाही. कुकीला पोर्ट कळत नाही. ३००० वरच्या दुकानाची कुकी ३००१ वरच्या अ‍ॅडमिनलाही जाते, म्हणून एकच लॉगिन दोन्हीकडे छान चालतं. खऱ्या सबडोमेनवर मात्र कुकीत डोमेन लिहिलेलं नसेल, तर ती जिथून आली तिथपुरतीच राहते. लॉगिन गायब! हा बग सबडोमेनशिवाय घरी दिसणारच नाही.

म्हणजे सबडोमेन हवंच, फक्त खऱ्या नावाने नको. आपल्याकडे पोराचं शाळेतलं नाव वेगळं आणि घरात हाक मारायचं वेगळं असतं ना, तसं. त्यासाठी १९९९ च्या आरएफसी २६०६ ने 'डॉट टेस्ट' राखून ठेवलंय. मनाने दुसरं काही शोधू नका. कित्येकजण 'डॉट डेव्ह' वापरायचे. ते पुढे गूगलकडे गेलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ६३ ने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं केलं. चालते सेटअप एका अपडेटमध्ये आडवे झाले.

काम तसं थोडंच आहे. होस्ट्स फाइलमध्ये 'शॉप.दुकान.टेस्ट' आणि 'अ‍ॅडमिन.दुकान.टेस्ट' अशा ओळी टाकायच्या. तिथे वाइल्डकार्ड चालत नाही, प्रत्येक नाव लिहावं लागतं. मग अपाचीत प्रत्येकाचा व्हर्च्युअल होस्ट आणि त्यात सर्व्हरनेम. एक मेख लक्षात ठेवा: नाव कुठेच जुळलं नाही, तर अपाची पहिला व्हर्च्युअल होस्ट देतो. म्हणून पहिल्या जागी 'नाव चुकलं' एवढंच सांगणारं पान ठेवा. नाहीतर चुकीची साइट बघून तासभर कोड उकरत बसाल.

कोणी म्हणेल, खरं नाव वापरलं तर कोडमध्ये काही बदलावं लागत नाही. अहो, नाव बदलल्यावर जो कोड मोडतो, त्यात नाव ठोकून बसवलेलं असतं. ते कॉन्फिगमध्ये हवं. घरीच सापडलं, बरं झालं.

असो. सोमवारी त्या सहकाऱ्याला मिसळ खिलवली. पण त्याचं समाधान तेवढ्याने झालं नाही. आधी होस्ट्स फाइल उघडून दाखव म्हणाला, मगच पावाला हात लावला.