विटाळ मोडला, विसावाही मोडला

"पेढे की बर्फी?"

धाकट्याच्या जन्मानंतर आलेल्या जवळपास प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न हाच होता. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. अडीच वर्षांपूर्वी थोरलीच्या वेळी आम्ही बर्फी वाटली होती, तीही शेजारपाजारीच. या वेळी सासरे शहाद्याहून पेढ्यांचे मोठाले खोके घेऊन म्हसावदला आले. शेजारच्या आजींनी दारातूनच विचारलं, "पोऱ्या व्हयना ना?" आणि उत्तराची वाट न बघता कडाकडा बोटं मोडली.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा-बारा वर्षं पाड्यापाड्यांवर बायकांच्या बैठका घेणारी. 'मुलगा-मुलगी समान' या विषयावर झोपेतून उठवलं तरी तासभर बोलेन. आणि तरीही खाटेवर पडल्या पडल्या मी तो पेढा तोंडात टाकला. गोड लागला. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

थोरलीच्या बारशाला वीस माणसं होती. धाकट्याच्या बारशाला दोनशे. त्याआधी दीराच्या मित्रांना डीजे हवा होता, मागाहून 'पार्टी'ही हवी होती. पार्टी म्हणजे दारू, हे वेगळं सांगायला नको. याच शहादा तालुक्यात १९७०च्या दशकात श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली होती. त्या इतिहासावर मी शिबिरं घेते. तेवढ्या दोन गोष्टींना मी ठाम नकार दिला आणि आपण जिंकलो असं मला वाटलं.

पण दोनशे पानं उठलीच. तेराव्या दिवशी मी नऊवारी नेसून चार तास पाळण्याजवळ बसले होते. टाके ओढत होते, दुधाने ब्लाऊज भिजला होता आणि प्रत्येक नवी पाहुणी आली की फोटोसाठी हसायचं होतं. साठीच्या सासूबाई पहाटे चारपासून चुलीपुढे. माझी आई मागच्या दारी भांड्यांच्या ढिगाशी. पुरुषांनी मांडव घातला, खुर्च्या मांडल्या आणि मग त्या खुर्च्यांवर बसले. नवा फ्रॉक घातलेली थोरली गर्दीत माझा पदर धरून विचारत होती, "माझं बारसं कधी?" तिला उचलून घ्यायला मला उठताही येईना. रात्री अंगात ताप भरला.

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाने घरी भेट द्यायची असते. बाळाचं वजन, ताप, नाळ बघायची, तशी आईचीही विचारपूस करायची. अशी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतल्याने बालमृत्यू कमी होतात, हे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या कामातून १९९०च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत दिसलं. पुढे ती पद्धत देशभर गेली. तर आशाताईंनी बाळ बघितलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "ताई, काल जेवलात का तुम्ही?" दोनशे माणसं जेवून गेली होती. हा प्रश्न विचारणारी ही पहिलीच.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. एक पाचवी, बारसं, उष्टावण, जावळ, वाढदिवस यांची. दुसरी आशाताईंच्या वहीतली. पहिलीत बाळ आहे, घराणं आहे, पाहुणे आहेत. आई फक्त बाळ मांडीवर घ्यायला आहे. दुसरीत बाळाशेजारी बाळंतिणीचाही रकाना आहे.

मैत्रिणींनो, मी समारंभांच्या विरोधात नाही. पाचवीच्या पूजेला अंधश्रद्धा म्हणून आपण सहज मोडीत काढतो. पण ज्या घरांनी बाळं गमावली आहेत, तिथे पाच दिवस निभावले याचा सुस्कारा त्या पूजेत असतो. कुपोषणाने लेकरं गेलेली आमच्या सातपुड्याने पाहिली आहेत. इथे आनंद कराच कशाला, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आनंद हवाच. प्रश्न आहे तो कोणाच्या अंगावरून जातो, हा.

जुन्या रीतीत बाळंतीण सव्वा महिना वेगळी असे. तिला विटाळ मानत. तिने चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही. यातल्या अपमानाविरुद्ध आपण बोललो ते बरोबरच होतं. पण त्याच विटाळाच्या आडोशाला तिला थोडी झोप मिळे, शेक-शेगडी मिळे, कोणी कामाला लावत नसे. सगळ्यांनाच मिळे असं नाही. गरिबाघरची बाई तेव्हाही आठवड्यात उठत होती. तरी विसाव्याची एक कल्पना तरी होती. आपण विटाळ मोडला आणि त्याच्याबरोबर विसावाही मोडला. त्याच्या जागी हक्काची विश्रांती उभी करायची होती, ती राहून गेली. ती रिकामी जागा मांडव, फोटो आणि दोनशे पानांनी भरून काढली.

सरकारनेही ती अर्धीच भरली. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण ही तरतूद दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी. आमच्या संस्थेत आम्ही सातजण, त्यामुळे माझी रजा तीन महिन्यांची. आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आमच्या पाड्यांवरच्या बायकांना तर सात दिवसांचीही नाही. कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा. ती बसली तर जोडी मोडली. गावात असती तर अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं जेवण मिळालं असतं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी ही योजना २०१५ पासून आहे. पण फडावर अंगणवाडी कुठली? आमच्या बचत गटातल्या एका बाईने सांगितलं, "बाळाचं नाव होळीला गावी आल्यावर ठेवलं, ताई. तोवर नुसतं 'बाळ्या'." धाकटा उसाच्या पाचटाच्या सावलीत झोळीत आणि दोन वर्षांची थोरली त्याला झोका द्यायला. थोरलीचं बालपण तिथेच संपलं. त्या घरात कोणता टप्पा साजरा करायचा?

पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. २०२२ पासून दुसऱ्या बाळालाही ६,००० मिळतात, पण ते मुलगी असेल तरच. मुलीचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे. पण दुसऱ्या बाळंतपणात मुलगा झाला म्हणून मजुरणीचं अंग कमी दुखतं का? पैसा आईच्या विश्रांतीसाठी असेल, तर तो बाळाच्या लिंगावर ठरू नये, असं माझं मत आहे. यावर आपल्यात मतभेद होतील. व्हायला हवेत.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. धाकट्याच्या नावात माझं नाव आलं. थोरली त्या तारखेच्या आधीची. म्हणजे कागदावरही दोन भावंडांत अंतर राहिलंच.

बेचाळिसाव्या दिवशी आम्ही घरात एक कार्यक्रम केला. आदल्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "परवाचा समारंभ तुमच्या घराण्याचा होता. हा माझा." तो आधी म्हणाला, "लोक हसतील." मी विचारलं, "थंडीत मित्रांबरोबर शेतात भरीत करता तेव्हा कोण हसतं?" खरंच, आपल्या खान्देशात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला, सोलायला, कुटायला पुरुष पुढे. शेतात त्यांच्या हाताला चव असते. तोच हात घरच्या चुलीपाशी लुळा का पडतो? दीर आणि नवरा दोघांनी मिळून पंधरा माणसांचं भरीत केलं आणि भांडीही घासली. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या पंगतीला बसल्या. सारख्या उठू बघत होत्या, आम्ही बसवत होतो. मी सकाळी नऊपर्यंत झोपले होते. थोरलीने एकाच खोक्यातले पेढे आणि बर्फी प्रत्येकाच्या हातावर ठेवली. भरीत खारट झालं होतं. कोणी काही बोललं नाही, म्हणजे मी बोलले नाही, सासूबाई बोलल्याच.

एका भरिताने काही बदलत नाही, हे मला कळतं. उष्टावणाला पुन्हा दोनशे पानांचा आग्रह सुरू झाला आहे. पण आता घरात निदान वाद आहे. आधी तोही नव्हता.

आपल्या गटांमध्ये, बैठकांमध्ये हे बोलावं असं मला वाटतं. मुलीच्या बारशाला जेवढं, तेवढंच मुलाच्या. बाळंतीण सव्वा महिना कोणत्याही समारंभात ताटकळणार नाही. विटाळ म्हणून नव्हे, हक्क म्हणून. जो आमंत्रण देईल, तो रांधायला आणि घासायला हात लावेल. थोरल्या मुलाला त्या दिवशी कोणाची तरी मांडी मिळेल. आणि फडावरून होळीला परतणाऱ्या मैत्रिणीच्या बाळाचं बारसं तिचं एकटीचं न राहता गटाचं असेल. त्या दिवशी ती बसेल, आपण वाढू.

बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा "पेढे की बर्फी?" हा प्रश्न गिळून टाका. आशाताईंचा प्रश्न विचारा.