तेरीज जुळली म्हणजे झाले काय?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने समुद्राखाली श्वास घेण्याच्या यंत्रावर लिहावे, हे आमच्या विज्ञान शाखेतील मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. बेळगावला समुद्र नाही, आणि मला धड पोहताही येत नाही. पण गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला मावशीकडे गेलो असता मला एका कोऱ्या कागदावर खर्चाचा अंदाज मांडावा लागला. त्या कागदाने जो विचार करायला लावला, तोच येथे मांडतो.

माझा मावसभाऊ तेथे पर्यटकांना पाण्याखाली नेतो. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी, तोंडात नळी आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वर जाणारे बुडबुडे, हे त्याचे रोजचे काम. आता त्याला ‘रिब्रीदर’ शिकायचा आहे. या यंत्रात उच्छ्वास पाण्यात सोडून देत नाहीत. तोच वायू फिरून पुन्हा श्वासाला येतो. वाटेत सोडालाइम त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते, आणि शरीराने खर्च केला तेवढाच प्राणवायू छोट्या टाकीतून भरला जातो. कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या हेन्री फ्ल्यूसने १८७८ मध्येच असे यंत्र केले होते. पण विजेवर चालणारे यंत्र हौशी पाणबुड्यांच्या हाती सर्रास आले ते १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘इन्स्पिरेशन’ निघाल्यानंतर.

दादाला कोणीतरी जुने यंत्र स्वस्तात देऊ केले होते. “तू हिशेब शिकतोस ना? मग किती पडेल ते काढून दे,” तो म्हणाला. मी यंत्र लिहिले, प्रशिक्षण लिहिले, सोडालाइम लिहिले. माहितीपुस्तक पाहून ‘प्राणवायूचे सेन्सर, नग तीन, दरवर्षी नवे’ अशीही ओळ घातली. दादाने त्या ओळीवर पेन्सिलीने काट मारली. “अरे, आहेत ते चालू आहेत. हवेत धरले की बरोबर आकडा दाखवतात. मग फेकायचे कशाला?”

उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. ते शोधायला पुढचे आठ दिवस गेले.

सेन्सर ही एक लहानशी बॅटरीच असते. आत शिसे, सोन्याचा मुलामा दिलेला पत्रा आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. प्राणवायू जितका जास्त, तितके मिलिव्होल्ट जास्त. पण हे काम करताना शिसे झिजते. यंत्र कोनाड्यात पडून असले तरी हवा लागते आहे तोवर झीज चालूच. हा घसाराच आहे, फक्त तो कोणत्याही वहीत दिसत नाही. म्हणूनच वर्षभराने सेन्सर बदलावेत असे सांगतात.

आता खरी गोम पाहा. जमिनीवर प्राणवायूचा आंशिक दाब ०.२१ बार असतो. पाण्याखाली हे यंत्र तो साधारण १.३ बार राखते. १.६ च्या पलीकडे झटके येण्याचा धोका वाढतो. पुढे भारताचे नागरिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतःवर प्रयोग करून हे झटके अनुभवले होते. पाण्याखाली झटका आला की नळी तोंडातून सुटते आणि माणूस बुडतो. उलट प्राणवायू कमी पडला तर काहीही न जाणवता शुद्ध हरपते. म्हणजे जीव सगळा त्या आकड्यावर. झिजलेला सेन्सर हवेत ०.२१ अगदी बरोबर दाखवतो, पण वर चढताना समजा १.१ ला अडकतो. त्यापुढे दाखवण्याची त्याची ताकदच उरलेली नसते. यंत्राला वाटते, अजून १.३ झाले नाही. आणि ते प्राणवायू ओततच राहते.

यावर उपाय म्हणून तीन सेन्सर बसवतात. ज्या दोघांचे जुळते ते खरे, तिसरा खोटा. वरवर पाहता हा न्याय चोख वाटतो. पण तिन्ही एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले, एकाच दमट पोकळीत राहिलेले असतील, तर ते एकाच वेळी म्हातारे होतात. दोघे १.१ वर अडकले आणि तिसरा बिचारा खरे १.७ सांगू लागला, तर बहुमताने खऱ्यालाच बाहेर काढले जाते!

मित्रहो, पहिल्या वर्षात आपल्याला काय शिकवले? तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नव्हे. एक चूक दुसरीने झाकली जाते आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा गोड जुळतात. म्हणून बँकेच्या खात्याची खात्री आपल्याच वहीवरून न करता बँकेच्या पासबुकावरून करायची. साक्षी हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे. एकमेकांना विचारून आलेल्या तीन साक्षींची किंमत एकीएवढीच, हेही दोन्हीकडे सारखेच.

पाणबुड्यालाही असे पासबुक आहे. ३० मीटरवर दाब ४ बार असतो. तेथे फिरता वायू काढून ताजी हवा भरली तर आकडा ०.२१ गुणिले ४, म्हणजे ०.८४ आलाच पाहिजे. ६ मीटरवर शुद्ध प्राणवायू भरला तर १.६. ही साक्ष सेन्सरांची नव्हे, गणिताची. पण ती मागण्याची सवय हाताला हवी, आणि सवय पैशाने मिळत नाही.

येथे प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. शेकडो वेळा बुडी मारलेला दादा या यंत्रावर पुन्हा बिगरीतला विद्यार्थी होणार आहे. साध्या टाकीवर श्वास घेतला की माणूस किंचित वर उचलला जातो. येथे वायू छातीतून पिशवीत आणि पिशवीतून छातीत जातो, त्यामुळे तसे होत नाही. जुनी सवय मोडावी लागते. पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी ३० ते ४० मीटर, मग हेलियम मिसळून ६०, मग १००. मधे पाण्याखालचे ठराविक तास भरावे लागतात. पण ७५ टक्के हजेरी भरली म्हणजे विषय आला, असे आपल्यापैकी कोण छातीवर हात ठेवून म्हणेल? ऑस्ट्रेलियाचे डॉ. अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० मधील अशा १८१ मृत्यूंचा अभ्यास केला. सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत जोखमीची बुडी किंवा जोखमीचे वागणे यांचा संबंध त्यांना दिसला. यंत्र फसवते हे खरे. पण फसवून घ्यायला आपण घाईने पुढे जातो, हेही तितकेच खरे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. काटकसर करायची तर यंत्राच्या रंगरूपात करावी. सेन्सर नवे, तेही एकाच खेपेचे नकोत. संकटकाळची वेगळी टाकी प्रत्येक वेळी सोबत. आणि पहिली पायरी अंगवळणी पडेपर्यंत दुसरीची फी भरू नये.

निघताना मी अंदाजाचा कागद नव्याने लिहून दादाच्या हाती दिला. दुसऱ्या पायरीचा रकाना कोरा ठेवला आहे. सेन्सरांची ओळ मात्र या खेपेस शाईने लिहिली आहे.

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)